आपली ओळख नाही बरं का

"आपली ओळख नाही बरं का," असं पुटपुटत सर समोरच्या भिंतीवरचं सिनेमाचं पोस्टर वाचायला लागायचे. समोरून येणारा माणूसही खाली मान घालून पुढे निघून जायचा. तो दिसेनासा झाला की सर चालायला लागायचे आणि काही घडलंच नाही अशा आवाजात माझ्याशी मेथीच्या जुडीबद्दल बोलायचे.

तुम्हाला वाटेल, जुनं भांडण असेल. भांडण कसलं! त्या माणसाला सरांनीच व्यसनमुक्ती केंद्रात पोहोचवलेलं असायचं आणि आता तो बायकोमुलांत सुखानं राहत असायचा.

सर पेशानं समुपदेशक. नव्वदच्या सुमाराला हा शब्द आमच्या गंगापूर रोडच्या कॉलनीत कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून लोक त्यांना 'दारूवाले सर' म्हणायचे. चहासुद्धा अर्धा कप घेणाऱ्या माणसाला हे नाव! सर हसायचे. म्हणायचे, "बरं आहे की. पत्ता विचारत येणारा चुकत नाही."

त्यांच्या खोलीखाली माझं एसटीडी बूथ होतं. त्यांच्याकडे फोन नव्हता, त्यामुळे त्यांचे फोन माझ्याकडे यायचे. पलीकडे बाई रडत असली की मी नाव न विचारताच वर हाक मारायचो. सर एका पायात चप्पल घालून खाली यायचे, काचेच्या केबिनमध्ये शिरायचे आणि इतकं हळू बोलायचे की कान टवकारूनही मला काही कळायचं नाही. मग वर जाऊन दुसरी चप्पल घालायची आणि निघायचं.

त्यांची कामाची एक रीत होती. पिणाऱ्याच्या घरचे म्हणायचे, वणीला दर्शनाला जायचंय असं सांगून नेऊ. सर नाही म्हणायचे. "देवीला मध्ये आणू नका. खोटं सांगून नेलेला माणूस कंपाउंडवरून उडी मारून परत येतो." आणि पिशवी ज्याची त्यानंच भरायची. बायकोनं भरलेली चालायची नाही. सर दाराशी बसून राहायचे, तो शिव्या द्यायचा, सर ऐकून घ्यायचे. कधीतरी तो उठून एखादा शर्ट पिशवीत कोंबायचा. मग दोघं देवळाली कॅम्पची बस धरायचे. केंद्र त्याच्याही पुढे होतं. बसमध्ये खिडकी त्याला, दाराकडची जागा सरांना.

मखमलाबादकडच्या एका फुलवाल्या शेतकऱ्याच्या वेळी मी बरोबर गेलो होतो. त्याची बायको लहान मुलीला घेऊन माझ्या बूथवर आली होती. "भाऊ, सरांना बोलवा. आज तं पोरीलाबी मारलं. आता लय झालं." आम्ही पोहोचलो तेव्हा गडी ओट्यावर बसला होता. बराच वेळ गेला. मग त्यानं पिशवीत टॉवेल टाकला, शर्ट टाकला आणि आढ्याला अडकवलेली झेंडूच्या बियांची पुडी काढून तीही टाकली. बायको चिडली. सर म्हणाले, "राहू द्या."

"तितं पेराया जागा असंल ना, सर?" त्यानं विचारलं.

"असेल. नसली तर करू."

तो बरा होऊन परतला तेव्हा बसस्टॉपवर सरांनी त्याला तेच सांगितलं जे सगळ्यांना सांगायचे. "आता आपली ओळख नाही बरं का. रस्त्यात दिसलो तर बोलायचं नाही. माझं काम सगळ्यांना माहीत आहे. ह्यांना कसं ओळखता, असं कोणी विचारलं तर काय सांगाल?" त्यानं पिशवी उचलली आणि मागे न बघता घराकडे चालू लागला.

नियम चांगलाच होता, पण तो सरांना फार जड गेला. एकटा माणूस, जेवण खानावळीत. लग्नाचं विचारलं की म्हणायचे, "राहून गेलं." एकलहऱ्यापासून देवळालीपर्यंत कितीतरी घरं त्यांच्यामुळे शांत झोपत होती, पण दिवाळीला फराळाचं ताट यायचं ते एकट्या माझ्या घरून. ते ताट ते लगेच परत देत नसत. धुऊनपुसून टेबलावर ठेवायचे, चार दिवस दिसेल असं.

वर्षं गेली. बूथ बंद होऊन मी मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं. एके दिवशी तो फुलवाला पत्रिका घेऊन आला. मार खाल्लेल्या त्याच मुलीचं लग्न होतं. "सरांना द्या. म्हणावं, यायचंच."

सरांनी शर्टाला इस्त्री केली. आम्ही लग्नाच्या लॉन्सवर पोहोचलो. कमानीला त्याच्याच मळ्यातला झेंडू होता. सर तिथेच थांबले. आत नवरदेवाकडची मंडळी उभी होती. "सासरच्यांनी विचारलं तर?" म्हणाले. मी आत जाऊन अक्षता आणल्या. मंगलाष्टकं सुरू झाली तसे सर कमानीबाहेरून अक्षता टाकायला लागले. त्या सगळ्या एका उभ्या स्कूटरवर पडत होत्या. शेवटची मूठ मात्र त्यांनी बराच वेळ हातातच धरून ठेवली. मग म्हणाले, "चला, खानावळ बंद होईल."

ह्या माणसाला एक तरी ओळख हवी आहे, हे मला तिथे कळलं. कोणाचं नुकसान न करता हवी होती, म्हणून मिळत नव्हती. मला फार वाईट वाटलं.

पुढे सरांना हृदयाचं दुखणं निघालं. दवाखान्याच्या भेटीच्या वेळेत शेजारच्या खाटांभोवती गर्दी, सरांपाशी मी एकटा. डॉक्टरांचं बोलणं ऐकून मी, न विचारता, फुलवाल्याला निरोप धाडला.

तो आला, पण जावयाच्या मोटारसायकलवर बसून. सरांनी आधी त्याला पाहिलं, मग मागचा जावई पाहिला, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तिथे पोस्टरही नव्हतं.

"सर," तो म्हणाला.

"तुमची काहीतरी चूक होतेय. आपली ओळख नाही."

जावई गोंधळला. "मामा, कोणाला बघायला आलो आपण?"

"ह्यांनाच." फुलवाला खाटेवर बसला. त्याचा आवाज वॉर्डभर ऐकू गेला. "मी लय प्यायचो. तुमच्या बायकोला मारायचो, लहान होती तवा. ह्यांनी मला दवाखान्यात नेलं. मी ह्यांना वळखतो."

जावई खाली वाकला आणि त्यानं चादरीवरूनच सरांच्या पायांना हात लावला.

सर अजून भिंतीकडेच बघत होते. "आपली ओळख नाही बरं का," पुन्हा म्हणाले, मग आणखी एकदा. भेटीची वेळ संपली, नर्सनं सगळ्यांना बाहेर काढायला सुरुवात केली. फुलवाला मात्र उठू शकत नव्हता, कारण सरांनी त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता.