इंदू छपरावर का चढली

घाटकोपरला बहिणीकडे दोन दिवस राहायला गेले होते. तिच्या शेजारच्या बिऱ्हाडात फोन होता, तिथून हाक आली. पलीकडून आमचे हे बोलत होते. "इंदू छपरावरून पडली… गेली." मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य आलंच, "कशाला चढायचं म्हणतो मी बाईमाणसानं?" गेल्या पाच आठवड्यांत हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय, की आता कुणी म्हटलं की अंगाचा तिळपापड होतो. कशाला चढली ते सांगतेच.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची बैठी चाळ आहे. पाठीला पाठ लावून खोल्यांच्या दोन ओळी, वर मंगलोरी कौलं, आणि दोन्ही छपरांचं पाणी मधल्या एकाच पत्र्याच्या पन्हळीत. ती तुंबली की पाणी सरळ आमच्या अंथरुणांवर आणि तांदळाच्या डब्यांवर. मागे जंगल, त्यामुळे पानगळ आहे, पोटमाळ्यावर धुडगूस घालणारी उदमांजरं आहेत, आणि माकडं तर आहेतच. मालकाला चाळ पडायलाच हवी आहे, तो एक कौल बदलत नाही. आमच्या शेजारच्या इंदूचा नवरा वसंता गिरणीत होता, मालवणकडचा. दर मे महिन्यात तो अख्ख्या चाळीची शाकारणी करायचा. फुटकी कौलं काढायची, नवी बसवायची, पन्हळ खरवडायची. इंदू खालून कौलं द्यायची. चार वर्षांपूर्वी गिरण्यांचा संप सुरू झाला, वसंताची नोकरी गेली, आणि त्या धक्क्यानं तो गेलाच. पुढच्या मे महिन्यात दहा बिऱ्हाडांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. मग एका सकाळी इंदूनं पातळाचा कासोटा मारला, शिडी लावली आणि मला म्हणाली, "वहिनी, घट्ट धरा." आमचे हे ओट्यावर बसले होते. म्हणाले, "शोभतं का हे?" मी म्हटलं, "मग तुम्ही चढा." त्यांनी पेपर उघडला.

तेव्हापासून शिडी मी धरायचे. इंदू वर कुजलेल्या पानांची घमेली भरायची आणि तोंडानं अखंड बडबड चालू. एकदा पन्हळीत धामण निघाली. खाली सगळे पुरुष "काठी आणा, काठी आणा" करत फेर धरून नाचताहेत, आणि ही वरून ओरडतेय, "गप ऱ्हवा रे मेल्यांनो! धामण आसा ती, उंदीर खाता." तिनं झाडूच्या दांड्यावर ती अलगद उचलली आणि मागच्या झुडपात सोडली. त्यावर खाली येऊन हसत हसत दोन कप चहा प्याली. तिला मी फक्त एकाच गोष्टीला घाबरताना पाहिलं, ती म्हणजे शनिवार.

शनिवारी आमच्या चाळीला भक्तीचा झटका येतो. माकडं म्हणजे मारुती. त्यांना केळी, भिजवलेले चणे, पोळ्या घालायच्या. खाली ठेवलं तर कुत्री खातात, म्हणून ते फेकायचं कुठे? कौलांवर! आमच्याच ओळीतले आप्पा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, अत्यंत सज्जन माणूस. त्यांची सहा केळी कधी चुकली नाहीत. मग वीस-पंचवीस माकडं धडाधड छपरावर उतरणार, एका केळ्यावरून मारामाऱ्या करणार, कौलं फोडणार, आणि सालं जाणार पन्हळीत. सोमवारी हेच आप्पा दारात हजर, "इंदू, आमच्याकडे गळतंय गं." मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. मुलाच्या दहावीच्या वर्षी चणे मीसुद्धा फेकलेत.

इंदू भांडली. "कौलां फुटतत आणि तुम्ही पुण्य कमावतास!" म्हणाली. मग तिनंच तोड काढली. शनिवारी सकाळी टोपली घेऊन दारोदार फिरायची, सगळ्यांचा नैवेद्य गोळा करायची आणि डोंगराखालच्या वडापाशी नेऊन ठेवायची. माकडंही तिकडे जायला लागली. महिनाभर एक कौल फुटलं नाही. पण मग कुजबुज सुरू झाली, की दुसऱ्याच्या हातून दिलेलं देवाला पोचत नाही. एकेक करत सगळे पुन्हा कौलांवर फेकायला लागले. म्हणजे बघा, पुण्य स्वतःच्या हातचं हवं, पन्हळ मात्र दुसऱ्याच्या हातानं साफ झालेली चालते!

आणि तो श्रावणी शनिवार. एरवी सहा केळी फेकणाऱ्यांनी त्या दिवशी डझन फेकली. दुपारी पाऊस कोसळला, पन्हळ भरून वाहिली, आप्पांच्या देवघरात पाणी शिरलं. त्यांनी हाक मारली, "इंदू, जरा बघतेस का गं?" भर पावसात, शेवाळलेल्या कौलांवर… शिडी धरायला मी नव्हते. ती वर गेली, पन्हळ मोकळी केली, आप्पांच्या देवघरातलं पाणी ओसरलं, आणि परतताना तिचा पाय निसटला.

दहाव्याला माणसं जमली होती. इंदूची मुलगी मंगल, साकीनाक्याला एका कारखान्यात पॅकिंगचं काम करते, ती सगळ्यांना चहा देत होती. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "मारुतीला हाकलायची ना, त्याचंच भोवलं. आणि वार पण बघा, शनिवार." दोन-चार माना हलल्या. मंगलच्या हातातला ट्रे जागच्या जागी थांबला. मी तिथेच बसले होते आणि मी गप्प राहिले. अशा दिवशी भांडण नको म्हणून गप्प राहिले. त्याची मला लाज वाटते, म्हणून हे लिहितेय. इंदूला कुठल्याही देवाचा कोप झाला नाही. तिला आम्ही मारलं. आमच्या सालांनी मारलं, आणि "जरा बघतेस का गं" या आमच्या गोड हाकेनं मारलं. मारुतीच्या नावावर हे खपवताना कुणाला काही कसं वाटलं नाही?

पुढच्या शनिवारी सकाळी आप्पा केळी घेऊन बाहेर आले. मंगलनं शिडी आणून त्यांच्यासमोर भिंतीला टेकवली. म्हणाली, "आप्पा, पन्हळ परत तुंबलीय. चढा. मी धरते."

"अगं, माझे गुडघे…"

"केळी जातात ना तुमची वर? मग आज तुम्ही पण जा ना."

सगळी चाळ दारांत उभी होती. आप्पांनी शिडीकडे पाहिलं, केळ्यांकडे पाहिलं, आणि ते आत निघून गेले. बाकीच्यांनीही एकेक करत दारं लोटली. आमच्या ह्यांनी तर पेपरातून मानसुद्धा वर केली नाही. तेव्हा मी पदर खोचला. एकावन्नाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा शिडी चढले.

शिडी संपते तिथून खरं चढणं सुरू होतं, हे मला माहीतच नव्हतं. हिरवट, बुळबुळीत कौलांवरून माथ्यापर्यंत जायचं आणि पलीकडच्या उतारावरून पन्हळीत उतरायचं. मी ओणवी झाले. मंगल खालून ओरडली, "काकी, नीट धरून चाला हं!" इतकी वर्षं मीही इंदूला खालून हेच ओरडून सांगायचे. हात इकडे नेला, तिकडे नेला. वर धरायला काहीही नाही.