पहारेकरी घरी कधी जातो?

गॅसवरचं दूध माझ्या थोरल्या साडूंइतकं गांभीर्यानं घेणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि यापुढं पाहीन असं वाटतही नाही. उभी हयात त्यांनी भोपाळच्या टाउनशिपमध्ये काढली, कारखान्यातल्या भट्टीवर, पाळीपाळीनं. पेटती भट्टी क्षणभरही एकटी सोडायची नाही; पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन उभा राहिला की मगच जागा सोडायची, हा तिथला नियम. साडू निवृत्त झाले, नियम काही झाला नाही. दुधापाशी उभे असताना फोन वाजला तर ते आधी ओरडतात, "मी दूध सोडतोय, घेतलं का?" आणि आतून आमच्या ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, "घेतलं" म्हणेपर्यंत फोन बिचारा वाजत राहतो. एकदा आमच्या अरेरा कॉलोनीतल्या घरी सत्यनारायण होता. कुणीतरी त्यांना सहज म्हणालं, "जरा समईकडे बघा हं." मंडळी जेवली, पानसुपारी झाली, पाहुणे गेले, आम्ही गच्चीवर गप्पा ठोकत बसलो, आणि संध्याकाळी बायको देवघरात गेली तर साडू समईपाशी उपाशी उभे. "कुणी बदलायलाच आलं नाही," एवढंच म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, पण तेव्हापासून त्यांच्यावर काही सोपवताना आमच्या घरात लोक दोनदा विचार करतात.

असा हा माणूस साठी उलटल्यावर व्हिडिओ गेम करायला निघाला, त्याला कारण माझी मुलगी. सुट्टीत ती कॉम्प्युटरवर एक खेळ खेळत होती. आपण एक वीर व्हायचं, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, त्याची कामं करून द्यायची आणि शेवटी राक्षस मारायचा, त्यातला प्रकार. साडू मागं खुर्ची टाकून बसले. राक्षसात त्यांना काडीचा रस नव्हता. ते किल्ल्याच्या दारावरच्या पहारेकऱ्याकडे बघत होते.

"हा घरी कधी जातो?"

"जात नाही, काका. तो तिथंच असतो."

"रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा."

"मतलब, याला रिलीव्हरच नाही?"

मुलीनं राक्षस मारला, राज्य वाचलं, नगारे वाजले, तरी साडूंची नजर त्या दारावरून हलेना. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "असलं राज्य बुडालेलंच बरं." दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. ते स्वतःचा गेम करणार होते. त्यात दरवाजा असेल, पहारेकरी असेल आणि त्याचा रिलीव्हर वेळेवर येईल. "आणि सगळ्यात आधी तो शफीकभाई खेळणार," त्यांनी जाहीर केलं.

शफीकभाई म्हणजे साडूंचे रिलीव्हर. साडूंची पाळी संपायची तेव्हा त्यांची सुरू व्हायची. नोकरीभर दोघांची भेट रोज झाली आणि रोज काही मिनिटांचीच झाली, कारण एक आला की दुसऱ्यानं जायचं. येऊन शफीकभाई आपल्या भोपाळी बोलीत एकच वाक्य बोलायचे, "जाओ खाँ, घर जाओ, हम आ गए." स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी त्यांचा बदली माणूस आला नाही, तर शफीकभाई मांडवातून उठून शेरवानीवरच भट्टीसमोर हजर. साडूंनी त्यांना हाकलून लावलं आणि त्यांचीही पाळी स्वतः केली, पण तो प्रसंग सांगताना साडू आजही खुर्चीतून उठून उभे राहतात. आता शफीकभाईंची बीबी गेली होती, डोळ्यांना कमी दिसू लागलं होतं, आणि हैदराबादची मुलगी उन्हाळा सरता सरता त्यांना कायमचं घेऊन जाणार होती. गेम त्याच्या आत व्हायला हवा होता.

गेम करायचा तर आधी तो करण्याचं सॉफ्टवेअर निवडावं लागतं, हे मला तेव्हाच कळलं. मला वाटायचं, कुणीतरी चित्रं काढतो आणि ती हलतात. पण या अवजारांचाही बाजार असतो, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मी कुतूहलानं दर रविवारी टाउनशिपमध्ये जाऊ लागलो. निवृत्तीनंतरही भाड्यानं राखलेल्या कारखान्याच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत साडू सॉफ्टवेअरची परीक्षा घेत बसलेले असत. दुसरा कुणी असता तर त्यानं रंग बघितले असते, लढाई कशी होते ते बघितलं असतं. साडूंची कसोटी एकच: पहारेकऱ्याची पाळी बदलता येते का?

पहिलं अवजार फारच सोपं होतं. गवत, रस्ता, भिंत असे चौकोन फरशीसारखे बसवत जायचं की गाव तयार. माझ्या मुलीनं त्यांना एका दुपारी अख्खं गाव मांडून दिलं, विहिरीसकट. पण त्यात एका चौकोनात एकच माणूस मावायचा. रिलीव्हरला जागेवर यायचं तर आधी पहारेकऱ्यानं जागा सोडायला हवी. "म्हणजे मध्ये दरवाजा रिकामा?" साडूंनी विचारलं. मुलगी म्हणाली, "काका, अगदी डोळ्याचं पातं लवेपर्यंत!" साडू तिच्याकडे असे बघत राहिले की ती गाव तसंच टाकून ताईंना मदत करायला आत गेली.

दुसऱ्या अवजारात काहीच तयार नव्हतं, सगळं कॉम्प्युटरच्या भाषेत स्वतः लिहायचं. साडूंनी चष्मा बदलून घेतला आणि व्हिडिओ बघून बघून ती भाषा शिकले. त्यांनी पहारेकऱ्याला बजावलं, रिलीव्हरनं ताबा घेतल्याशिवाय हलायचं नाही. रिलीव्हरला बजावलं, पहारेकरी हलल्याशिवाय ताबा घ्यायचा नाही. मग काय, दोघेही जे समोरासमोर उभे राहिले ते राहिलेच. मी चहा घेतला, पोहे खाल्ले, ताईंशी गप्पा मारून आलो, तरी दोघे आपले एकमेकांकडे बघत उभे. "दोष आहे," साडू कपाळाला हात लावून म्हणाले, "मोठा दोष आहे." तिसरं अवजार फार देखणं होतं. त्यात पहारेकऱ्याची सावलीसुद्धा पडायची. पण ते सुरू केलं की जुना कॉम्प्युटर असा घरघरायचा की शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, मिक्सर बिघडलाय का म्हणून.

उन्हाळा उतरत आला. शफीकभाईंचं सामान बांधून झालं आणि साडू चौथ्या अवजाराची माहिती वाचत बसले होते. मला आता खरंच काळजी वाटू लागली होती. शेवटी ताईंचा संयम सुटला. "अहो, शफीकभाई गेल्यावर गेमची भट्टी पेटवणार आहात का?"

साडूंनी चौथ्या अवजाराचं पान बंद केलं. मग मला म्हणाले, "शफीकभाई यायचे ना, ते एकदम माझ्या जागेवर नाही यायचे. डाव्या हाताला उभे राहायचे. दोन मिनिटं आम्ही दोघंही भट्टीच्या जाळाकडे बघायचो. मगच ते 'जाओ' म्हणायचे." आणि त्यांनी ते पहिलं, फरशीवालं अवजार उघडलं आणि किल्ल्याचा दरवाजा दोन चौकोन रुंद केला. इतकंच. महिनोन् महिने अडलेलं काम ताईंची पोळी भाजून होईतो झालं.

निघायच्या आदल्या दिवशी शफीकभाई आले. जाड चष्मा, हातात काठी, कुर्त्याला इस्त्री. साडूंनी त्यांना कॉम्प्युटरपुढं बसवलं. राजा नाही, राक्षस नाही, तलवार नाही. एक गाव, एक दरवाजा, दारावर एक पहारेकरी. आणि शफीकभाई झाले त्याचे रिलीव्हर. ते बाणांची बटणं दाबत गल्लीतून निघाले आणि थेट चहाच्या टपरीत शिरले. साडूंना घाम फुटला.

"शफीकभाई, ड्यूटी!"

"अमाँ दम लो खाँ, पहुँच रिए हैं."

चाचपडत, दोनदा विहिरीला धडकत ते दरवाजापाशी पोचले आणि पहारेकऱ्याच्या डाव्या हाताला उभे राहिले. कुणालाच सांगावं लागलं नाही. पडद्यावर खाली अक्षरं उमटली: 'जाओ खाँ, घर जाओ, हम आ गए.' हे म्हणण्यासाठी आता एकच बटण दाबायचं होतं. शफीकभाईंनी पडद्याला नाक लावून ते वाचलं. बोट बटणावर नेलं आणि तिथंच थांबले.

"ये दबा देंगे तो ये चला जाएगा?"

"हाँ. घर जाएगा."

"फिर?"

"फिर गेम खतम."

शफीकभाईंनी बोट उचललं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. "तो रहने दो," ते म्हणाले. "अभी खड़े हैं दोनों."

मला वाटलं, साडू आता नियम सांगणार. त्यांनी खुर्ची ओढली आणि शफीकभाईंच्या शेजारी, उजव्या हाताला बसले. पडद्यावर दोन छोटी माणसं दाराशी उभी होती आणि हे दोघे त्यांच्याकडे बघत होते.

आतून ताईंचा आवाज आला, "अहो, मी दूध सोडतेय, घेतलं का?"

साडू हलले नाहीत. त्यांना ऐकूच गेलं नसावं. ताईंनी पुन्हा विचारलं तेव्हा मी हळूच उठलो, स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि म्हणालो, "घेतलं."