खोबरमधलं चाकणचं इंजिन

लग्न ठरताना माझ्या माहितीच्या कागदावर 'क्वालिटी विभागात नोकरी' असं लिहिलं होतं. ते पूर्ण खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मी चाकणजवळच्या एका कारखान्यात मोटरसायकलच्या इंजिनांच्या असेंब्ली लाइनवर साडेचार वर्षं उभी होते. उभी म्हणजे अक्षरशः उभी, बसायला मिळायचं ते जेवणाच्या सुट्टीत. आयटीआयला फिटरच्या वर्गात आम्ही तीनच मुली होतो आणि कारखान्याने बायकांची लाइन सुरू केली तेव्हा तिघीही लागलो. माझ्याकडे सिलिंडर हेड आणि टायमिंग चेन. चेन चढवायची, खुणा जुळवायच्या, तिला ताण देणारा टेन्शनर बसवायचा, बोल्ट आवळायचे आणि आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या मार्करने ठिपका द्यायचा, म्हणजे पुढच्या बाईला कळावं की हा झाला. सासरच्या मंडळींना इंजिनिअर मुलाची बायको पाना हातात धरणारी नको होती, म्हणून मध्यस्थ काकांनी 'क्वालिटी' हा शब्द शोधून काढला. मलाही तो आवडला. हे आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर सगळं खापर नवऱ्यावर फुटेल.

लग्नानंतर मी सौदी अरेबियात, अल-खोबरला आले. नवरा एका कंत्राटदार कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. इथल्या मराठी मंडळींच्या घरी गणपतीची आरती असो की कुणाच्या मुलाचा वाढदिवस, बायका हमखास विचारायच्या, "तिकडे काय करायचीस?" मी म्हणायचे, "क्वालिटीत होते." आणि मग विषय साबुदाण्याकडे वळायचा. दोन वर्षांत तळहातांवरचे घट्टे गेले. बांगड्या नीट दिसायला लागल्या म्हणून सासूबाई व्हिडिओ कॉलवर खूश झाल्या.

आम्ही राहायचो त्या इमारतीच्या शेजारच्याच बंगल्यात घरमालकांचं कुटुंब राहायचं आणि पार्किंग दोघांचं एकच होतं. मालकांची मुलगी माझ्याच वयाची, बँकेत नोकरीला. तिची भाची आणि माझी मुलगी एकत्र खेळायच्या, त्यातून आमची ओळख झाली. ती मला उख्ती म्हणायची, म्हणजे बहीण, आणि मीही तिला तेच म्हणायला लागले. आमचं बोलणं इंग्रजीत, मधूनमधून तिची अरबी. अडलं की माझी सात वर्षांची मुलगी मध्ये पडायची आणि वर मलाच सांगायची, "मम्मा, इतना भी नहीं समझता?"

एका हिवाळ्यात उख्तीने मोटरसायकल घेतली, काही वर्षं वापरलेली पण नीट ठेवलेली. इथल्या बायका मोटार चालवायला लागून तोवर काही वर्षं झाली होती, त्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नसे. पण मोटरसायकल म्हणजे वेगळी गोष्ट. तिने रीतसर शिकून परवाना काढला होता, आणि वडिलांना राजी करायला तिला वर्षभर लागलं होतं. ते शेवटी हो म्हणाले, पण एका अटीवर. पडली, धडकली किंवा गाडीचं काही बिघडवलं, तर चावी भावाच्या हातात द्यायची आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही. ही अट तिने मला हसत हसत सांगितली होती. "मी काही बिघडवणारच नाही," म्हणाली.

गाडी आली त्या दिवशी तिने मला खाली बोलावलं. टाकीवर युरोपातल्या एका जुन्या नावाजलेल्या कंपनीचं नाव. "बघ," ती म्हणाली, "युरोपियन इंजिनिअरिंग!" मी कौतुकाने मान डोलवली आणि सवयीने नजर टाकीवरून खाली इंजिनावर गेली. क्लचच्या झाकणाची गोलाई, हेडच्या बाजूचे दोन बोल्ट, मागच्या अंगाला टेन्शनरची जागा. मी खाली वाकले आणि ओढणीच्या टोकाने धूळ पुसून इंजिन नंबर वाचला. पहिली अक्षरं आमच्याच कारखान्याची. पुढचं वर्षाचं अक्षर मी नोकरी सोडली त्याच्या आदल्या वर्षाचं. हे इंजिन माझ्या हाताखालून गेलं असण्याची शक्यता होती. खात्री नाही, कारण तीन पाळ्या चालायच्या आणि माझ्या जागेवर माझ्यासारख्या आणखी दोघी होत्या. पण मला इतका आनंद झाला की मी तिथेच फतकल मारून बसले. मुलगी ओरडली, "मम्मा, व्हॉट आर यू डूइंग? गंदा है वहाँ!"

आता ते इंजिन कुठलं म्हणायचं? आराखड्यावर सही तिकडच्या कुणाची असेल, पण त्याचे निम्मे कागद पुण्यातल्या पोरापोरींनी काढलेले मी पाहिले होते. हेडचं ओतकाम आपल्याकडच्याच एका फाउंड्रीतलं, पिस्टन बाहेरून यायचा, चेन आणखी कुठून. आणि हे सगळे सुटे तुकडे एकत्र येऊन पहिल्यांदा धडधडायचे ते चाकणमध्ये, आमच्या समोर. मग ते खोक्यात बसून परदेशी जायचं आणि टाकीवर नाव चढायचं. आमच्या मराठी मंडळातले एक गृहस्थ एकदा अशा गाड्यांबद्दल ठासून सांगत होते, "इंजिन तिकडचंच हो, आपल्याकडे नुसते नटबोल्ट आवळतात." मी त्यांच्या ताटात पुरी वाढत होते. मनात म्हटलं, आवळून दाखव की एकदा. तोंडाने विचारलं, "भाजी वाढू का?"

उख्तीलाही मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. ती युरोपचं गुणगान करत होती, तिचा आनंद कशाला मोडायचा, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण दुसरं होतं. इंजिन चाकणचं आहे असं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुला कसं कळलं? आणि 'क्वालिटी' हा शब्द त्या प्रश्नापुढे टिकला नसता.

चार महिने ती रोज सकाळी बँकेत जायच्या आधी समुद्रकाठच्या रस्त्यावर एक चक्कर मारायची. काय सुंदर चालवायची! गिअर बदलताना आवाजात कुठेही धक्का नाही. मी बाल्कनीत कपडे वाळत घालताना ऐकायचे. तिला वाटायचं मी तिला हात करायला उभी आहे. मी तिला हात करायचेच, पण कान इंजिनाकडे असायचा.

मग एका सकाळी आवाज बदलला. थंड इंजिन सुरू झालं की आधी खडखडखड, मिनिटभराने जरा कमी. मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिले. लाइनच्या शेवटी तपासणीच्या टेबलावर आमच्या एक ज्येष्ठ बाई होत्या. त्यांनी मला शिकवलं होतं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, मग आतलं सगळं ऐकू येतं. इथे त्याचीही गरज नव्हती. टेन्शनर ढिला पडला होता, दुसरं काही नाही. बोटभर लांबीचा भाग, आत एक स्प्रिंग. कधी ना कधी तो ढिला पडतोच, त्यात ना चालवणाऱ्याचा दोष ना बनवणाऱ्याचा. बाहेरून दोन बोल्ट काढले की हातात येतो. इंजिन उघडावंही लागत नाही.

भावाने गाडी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या माणसाने इंजिनाला हातही न लावता सांगितलं की आतलं बेअरिंग गेलंय, पूर्ण इंजिन उघडावं लागेल, भाग युरोपातून मागवावे लागतील आणि हे चुकीच्या गिअरमध्ये रेटून चालवल्यामुळे होतं. भाऊ वाईट माणूस नव्हता. त्याने घरी येऊन हेच जसंच्या तसं वडिलांना सांगितलं. "इतकी वर्षं नीट चाललेलं युरोपचं इंजिन चार महिन्यांत आपोआप बिघडत नाही," एवढीच त्याची त्यात भर.

मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, तिचा काही दोष नाही. मी जाऊन सांगते."

"अगं, घरमालकाच्या घरातलं प्रकरण आहे," तो म्हणाला. "उद्या काही झालं तर म्हणतील, भाडेकरणीने नाक खुपसलं. आणि तुला कसं कळलं विचारलं, तर काय सांगशील?"

हा शेवटचा प्रश्न त्याने विचारला नसता तरी माझ्या डोक्यात होताच. माझा भाऊ मेकॅनिक आहे, त्याला फोनवर आवाज ऐकवला, असं काहीतरी ठोकून देता आलं असतं. सुचलं नाही असंही नाही. सुचलं होतं. पण त्यात आणखी एक गाठ होती. इंजिन कुठलं आहे हे बाहेर आलं असतं तर उख्तीचा भाऊ म्हणाला असता, "इंडियाचं आहे होय, मग बिघडणारच." साडेचार वर्षं एकेक बोल्ट जपला आणि शेवटी हे ऐकायचं, याची मला आधीच चीड येत होती. म्हणजे बघा, इंजिनाची अब्रू मी जपली, माझीही जपली, आणि तिची गेली.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर ती पार्किंगमध्ये गाडीपाशी उभी होती. मी मुलीला बोलवायला खाली गेले होते. तिने मला थांबवलं. डोळे रडून सुजलेले. चावी मुठीत.

"उख्ती," ती म्हणाली, "तू मला रोज चालवताना बघतेस. खरं सांग. मी बिघडवलं का इंजिन?"

गाडी आमच्या दोघींच्या मध्ये होती. टेन्शनरचे ते दोन बोल्ट माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. बंगल्याच्या दारात तिचा भाऊ येऊन उभा राहिला होता.

"मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणाले. "मला नाही माहीत."

तिने मान हलवली आणि जाऊन भावाच्या हातात चावी ठेवली. "खलास," तो म्हणाला. हळू आवाजातच म्हणाला, तिच्या पाठीवर हात ठेवून. मी मुलीचा चेंडू उचलला आणि लिफ्टचं बटण दाबलं.

एका इस्पितळात एक्स-रे काढणाऱ्या फिलिपिनो माणसाने ती गाडी विकत घेतली. तीन आठवड्यांनी तो कागदांवर सह्या घ्यायला त्याच गाडीवरून आला. आवाज स्वच्छ, लाइनवरून आत्ताच उतरल्यासारखा. मी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेले आणि न राहवून विचारलंच, काय केलंत? त्याने अंगठा आणि बोट थोडंसं लांब धरून दाखवलं. "एवढासा भाग, मादाम. अर्धा तास लागला." त्याने ते उख्तीच्या भावालाही सांगितलं होतं. भावाने ते घरात सांगितलं नाही. मी तेव्हा त्याला मनातल्या मनात पुष्कळ नावं ठेवली. नावं ठेवायला मला कुणीतरी हवंच होतं.

त्यानंतर ती सकाळची चक्कर न मारता थेट मोटारीने बँकेत जायला लागली. आमची मैत्री तुटली नाही. ती यायची, चहा प्यायची, मुलींना खाऊ द्यायची. फक्त बाहेर रस्त्यावरून मोटरसायकलचा आवाज आला की बोलता बोलता थांबायची आणि मग दुसराच विषय काढायची. एकदा म्हणाली, "भाऊ बरोबर म्हणतो, मला यंत्रं जमत नाहीत." मी तिला आणखी एक बिस्किट घ्यायचा आग्रह केला.

वर्षभराने नवऱ्याची बदली जुबैलला झाली. सामान बांधून झालं, घर रिकामं झालं आणि मग मला हिंमत आली. आता ना घरमालकाची भीती उरली होती ना शेजाराची. असली हिंमत काय कामाची, हे मलाही कळत होतं. पण निघायच्या आदल्या दिवशी ती निरोपाला आली तेव्हा आम्ही दोघी दिवाणखान्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांवर बसलो आणि मी तिला सगळं सांगितलं. चाकण, लाइन, चेन, पिवळे ठिपके. तिचं इंजिन कदाचित माझ्याच हातचं होतं, हेही. ती आधी हसायलाच लागली. "तू? तू इंजिन बनवायचीस?" तिने माझे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितले. तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान दिसला, तो मला माझ्या माणसांत कुणाच्या चेहऱ्यावर कधी दिसला नव्हता. क्षणभर मला वाटलं, सुटले.

मग मी टेन्शनरचं सांगितलं. तिचं हसू ओसरलं.

"तुला हे कधी कळलं?"

"पहिल्याच सकाळी. बाल्कनीत."

"म्हणजे मी तुला विचारलं, तेव्हा माहीत होतं?"

"हो."

तिने माझे हात सोडले. रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती भिंतीवरच्या, कॅलेंडर काढल्यावर उरलेल्या चौकोनाकडे बघू लागली.

"त्या आठवड्यात मी सगळ्यांना विचारलं," ती म्हणाली. "भावाला, वर्कशॉपवाल्याला, काकाला. प्रत्येकाने छातीठोकपणे काहीतरी सांगितलं. एकटी तूच म्हणालीस, मला माहीत नाही. मी आईला म्हटलं होतं, बाकीचे सगळे अंदाज ठोकतात, पण शेजारची माझी उख्ती मात्र खरं बोलते."