बुजवलेला तलाव

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अल्फारेटाला राहायला आल्यावर, चाळिशी उलटल्यानंतर मी पोहायला शिकायचं ठरवलं. काउंटीच्या सार्वजनिक पूलवरच्या आमच्या क्लासमध्ये सत्तरीपुढच्या एक कृष्णवर्णीय बाई होत्या, निवृत्त शिक्षिका. त्या छातीभर पाण्यात यायच्या आणि कडेचा दांडा धरून उभ्या राहायच्या. हात सोडायचं नाव नाही.

एकदा केस पुसता पुसता मी सहज विचारलं, "लहानपणी नाही शिकलात, मॅम?"

"आमच्या गावात पोहायचा तलाव होता की," त्या म्हणाल्या. "सरकारी. सगळ्यांच्या करातून बांधलेला. पण आत फक्त गोरी मुलं, आम्ही कुंपणाबाहेर. तसा नियमच होता."

"लोकांनी चालवून कसं घेतलं?"

"कुठल्या लोकांनी? माझ्या वडिलांना मतच देऊ देत नव्हते. मत नाही, म्हणून गावाच्या कौन्सिलवर आमचा माणूस नाही. मग नियम तसलेच होणार ना, पोरी?"

पुढे कोर्टानं तलाव सगळ्यांना खुला करायला सांगितलं. बाईंच्या आईनं त्यांच्यासाठी पोहायचा निळा ड्रेस शिवला. आणि कौन्सिलनं मातीचे ट्रक बोलावून तलाव बुजवून टाकला. गोऱ्या मुलांसाठी लवकरच खासगी क्लब निघाला. त्याच उन्हाळ्यात बाईंचा थोरला भाऊ नदीवर पोहायला गेला आणि बुडाला. नंतर बाईंनी आपल्या मुलींनाही कधी पाण्याजवळ फिरकू दिलं नाही.

घरी आले तरी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. माझ्या आजोळी पाणवठे वेगळे होते, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. पण आख्खा तलावच बुजवायचा? स्वयंपाक करता करता खिडकीतून आमच्या कॉलनीचा पूल दिसत होता. त्याचंही फाटक कार्डाशिवाय उघडत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा खुपलं.

रविवारी मी त्यांना तिथेच बोलावलं. आम्ही आत शिरतो न शिरतो तोच समोरच्या घरातल्या काकूंनी, आपल्याच पुण्याकडच्या, हसून त्यांना इंग्रजीत विचारलं, "तुम्ही कुठल्या घरातल्या?"

माझ्याकडच्या पाहुण्यांना काकूंनी हे कधीच विचारलं नव्हतं.

"माझ्याकडे आल्यात, काकू," मी मराठीत म्हणाले, जरा मोठ्यानंच.

"अगं, सहज विचारलं. हल्ली कोणीही आत शिरतं."

मी बाईंना हळूच म्हटलं, "घरी जाऊ या का?"

"कशाला? ऊन छान पडलंय." त्या पायऱ्यांवर बसून राहिल्या, पाय पाण्यात सोडून. परतताना मी माफी मागायला लागले, तर म्हणाल्या, "तिच्या मनात वाईट नसेलही. क्लबच्या फाटकावरचा माणूससुद्धा फार गोड बोलायचा."

पुढच्या महिन्यात कॉलनीच्या मीटिंगमध्ये ठराव आला: पूलवर पाहुणे आणायचे तर आधी परवानगी घ्यायची. मी विरोधात हात वर केला. आणखी दोघांनी केला. ठराव पास झाला.

बाहेर पार्किंगमध्ये काकूंनी मला गाठलं. "एवढी का चिडलीस गं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. नियम, ट्रक, नदी. त्यांनी मन लावून ऐकलं, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

"पण आपण तसले नाही गं," त्या म्हणाल्या.

मी गाडीत बसले. चावी काढली, तर तिला अडकवलेलं पूलच्या फाटकाचं कार्डच आधी हातात आलं.