सव्वादोनचा हात

माहूरच्या स्टँडवरून एसटी सुटायला लागली तेव्हा आई खिडकीखाली उभी राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती, "हात बाहेर काढू नको." पप्पा कंडक्टरशी बोलून आले आणि म्हणाले, "नांदेडला गाडी बदलायची. लातूरला पोचलीस की मिस कॉल दे." माझी मैत्रीण शबाना त्या दोघांच्या मागे उभी होती. तिनं स्वतःचं मनगट वर करून नुसतं हलवलं. मी आईचं न ऐकता खिडकीतून हात काढला आणि तसाच हलवला. माझ्या हातात आदल्या दिवशी तिनंच भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. इंजिनाच्या आवाजात त्या वाजल्या की नाही, कळलं नाही.

दहावी झाली की ज्याला चांगले मार्क पडले त्यानं लातूरला क्लासला जायचं, हे आमच्या गावात कुणाला ठरवावं लागत नसे. शबानालाही चांगले मार्क होते. तिच्या घरी कुणी तिला अडवलं असं झालं नाही. तिच्या जाण्याचा विषयच निघाला नाही.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे डोंगर उतरून गेले आणि जे वरच राहिले, त्या दोघांनाही आठवत असेल, गावात करण्यासारखं काही नसायचं. पोरांना निदान मैदान होतं, किल्ल्याच्या भिंती होत्या, एका मोटारसायकलवर तिघांनी बसून घाटात चकरा मारायच्या होत्या. पुढे कॅमेऱ्याचे मोबाइल आले तेव्हा किल्ल्यावर व्हिडिओ काढणं आलं. पोरांचा मोकळा वेळ साऱ्या गावाला दिसायचा. आमचा दिसला की संपायचा. दारात उभं राहिलं तर कुणीतरी विचारणार, "काय गं, अभ्यास न्हाई का?"

म्हणून मी देवभक्त झाले. शाळा सकाळची होती. दर शुक्रवारी दुपारी मी घरी "गडावर जाऊन येते" म्हणायचे आणि रेणुकेचं नाव घेतल्यावर आमच्या घरात कुणी नाही म्हणत नसे. पायऱ्यांच्या मध्यावर, एका वळणाशी, शबानाच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. रशीदचाचा. शुक्रवारी ते जुम्म्याच्या नमाजाला खाली गावात जात आणि तेवढा वेळ शबाना दुकान सांभाळत असे. देवीचाही वार शुक्रवार, त्यामुळे गर्दी दांडगी. मी भराभर दर्शन घेऊन खाली यायचे आणि तिच्या शेजारी पोत्यावर बसायचे. पलीकडच्या दुकानात दगडी उखळात प्रसादाचा तांबूल कुटत असत. विड्याच्या पानाचा आणि बडीशेपेचा वास दिवसभर त्या वळणावर थांबलेला असे.

आमचा खेळ एकच होता. पायऱ्या चढणाऱ्या बाईचा हात लांबूनच बघायचा आणि तिला कोणत्या मापाची बांगडी बसेल ते सांगायचं. लहान हात सव्वादोन, मधला अडीच, मोठा पावणेतीन. ती बाई दुकानात आलीच तर कोण बरोबर ते लगेच कळायचं. नाही आली, तर शबाना म्हणेल ते खरं.

"ए मास्तराची पोरगी, ती पिवळी साडी बघ. बोल लवकर!"

"अडीच."

"हट! पुस्तकं वाचून डोळे गेले तुझे. भांडी घासणारा हात हाय तो. पावणेतीन."

"लांबून काय कळतं तुला?"

"तुला जवळून तरी कुठं कळतं?"

आणि ती बाई खरंच आमच्याकडे वळायची. यवतमाळकडची असली तर भाव करायची, आदिलाबादची असली तर तेलुगूत विचारायची आणि शबाना दोघींना त्यांच्या त्यांच्या भाषेत गप्प करायची. बांगडी पावणेतीनचीच बसायची. माझा अंदाज क्वचितच बरोबर यायचा. मला वाटतं, मी मन लावून बघतच नव्हते. मला तिचं "हट" ऐकायचं असायचं.

चाचा परत आले की मला बघून हसायचे. "दर्शन झालं का, बेटा? की इथंच देवी बसलीय?" ते स्वतः कधी लांबून बघत नसत. बाई समोर बसली की तिचा पंजा हातात घेऊन अंगठ्याखालचा भाग हलकेच दाबायचे, म्हणायचे, "हात ढिल्ला छोडो," आणि मागे न बघता बरोबर त्या मापाची ओळ काढायचे. त्यांनी काढलेली बांगडी परत ठेवलेली मी कधी पाहिली नाही. माझा हात सव्वादोनचा. शबानाचा अडीचचा. "तुझा हात चिमणीचा," ती म्हणायची, "यानं काय उचलणार तू? पेनच उचल."

लातूरला अभ्यासिकेत माझ्या बांगड्या वाजायच्या. टेबलांच्या रांगा, पंख्यांचा आवाज, आणि पान उलटलं की माझं किणकिण. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "तुझ्या बांगड्या काढ ना, लक्ष लागत नाही." मी काढल्या आणि पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवल्या. त्यानंतर माझे हात मोकळेच राहिले. आता बेंगळुरूला एका कंपनीत शाळेच्या मुलांसाठी ऑनलाइन धडे लिहिते. इथं शुक्रवारपासून सगळे विचारू लागतात, "वीकेंडचा प्लॅन काय?" ट्रेक, ब्रंच, नवीन कॅफे. मोकळा वेळ इथं बुक करावा लागतो. माझ्याकडे प्लॅन नसतो हे टीमला माहीत झालं आहे, म्हणून आता ते फक्त सौजन्यानं विचारतात.

दरम्यान पप्पा शाळेतून रिटायर झाले आणि आई-पप्पा नांदेडला माझ्या भावाकडे राहायला गेले. माहूरचं घर भाड्याचंच होतं, ते सोडलं. गावात माझं म्हणावं असं काही उरलं नाही. शबाना मात्र होती. तिचं लग्न गावातच झालं, आणि शुक्रवारी दुपारी ती दुकानात बसायचीच. लंच ब्रेकला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. मी पॅन्ट्रीच्या कोपऱ्यात फोन कॉफी मशीनला टेकवून उभी राहायचे. ती फोन सरळ पायऱ्यांकडे वळवायची. उन्हानं पांढरी झालेली चित्रं, मध्येच अडकणारी, आणि मागून तांबूल कुटल्याचा ठोका.

"बोल, ती जांभळी."

"थांब, हँग झालंय. अडीच?"

"हट! काय खाती गं तू तिकडं?"

एवढंच. घरचं, नवऱ्याचं, पगाराचं आम्ही फारसं बोलत नसू.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी कॉल आला नाही. मला वाटलं, गर्दी असेल. पुढच्या शुक्रवारीही आला नाही आणि मी केलेला कुणी उचलला नाही. मग संध्याकाळी तिच्या भावाच्या स्टेटसवर तिचा फोटो दिसला, खाली दोन ओळींची दुआ. कावीळ झाली होती. नांदेडला नेलं होतं. मी ते वाचलं तेव्हा सगळं उरकून गेलं होतं.

मी जायला उन्हाळा उजाडला. खरं कारण असं की मला भीती वाटत होती. शबाना होती तोवर मी माहूरची होते. आता गेले तर बाहेरून आलेली एक बाई म्हणून तर पायऱ्या चढणार नाही ना, हा प्रश्न मी कुणाला सांगू शकत नव्हते. आईला सांगितला तर ती म्हणाली असती, "देवीला जायला ओळख लागत नाही." पण मी देवीला जात नव्हते, तेव्हाही नाही आणि आताही नाही.

पायऱ्यांच्या सुरुवातीलाच एका हार विकणाऱ्या मुलीनं विचारलं, "ताई, कुठून आलात? ओटी घ्या." मी ओटी घेतली. कुठून आले ते सांगितलं नाही.

वळणावर दुकान उघडं होतं. शुक्रवारची दुपार होती, आणि चाचा दुकानातच बसलेले होते. त्या वेळी ते तिथं दिसायची मला सवय नव्हती. नमाजाला ते आता वेगळ्या मशिदीत जातात की जातच नाहीत, मी विचारलं नाही. मी समोर पोत्यावर बसले. त्यांनी थोडा वेळ पाहिलं.

"मास्तरची पोरगी," ते म्हणाले.

"हाव, चाचा."

"बारीक झालीस."

शेजारी उखळाचा ठोका चालू होता. चाचांनी न विचारता माझा हात घेतला, अंगठ्याखाली दाबला, मागे न बघता ओळीतून हिरव्या बांगड्या काढल्या आणि भरायला सुरुवात केली. भरताना पंजा दाबावा लागलाच नाही. बांगड्या सरळ आत गेल्या, मनगटावर थांबल्या नाहीत, मी हात खाली केला तशा पंजापर्यंत घसरत आल्या.

अडीचच्या होत्या, शबानाच्या मापाच्या.

चाचांनी ते पाहिलं. त्यांचा हात बांगड्या काढून घ्यायला पुढे आला. मी मूठ मिटली.

"राहू द्या, चाचा."

"गिर जाएंगे, बेटा."

"हात वर धरून जाते."

त्यांनी माझी मिटलेली मूठ दोन्ही हातांत धरली आणि तशीच धरून ठेवली. एक बाई दुकानापाशी येऊन भाव विचारत उभी होती.

मी दर्शनाला वर गेले नाही. हात खांद्याइतका वर धरून पायऱ्या उतरले. हारवाली मुलगी बघत राहिली.

त्या बांगड्या मी इथं ऑफिसला घालून येते. टाइप करताना त्या सारख्या खाली येतात, मी सारख्या वर सारते. कुणी काढ म्हणत नाही, सगळ्यांच्या कानात हेडफोन असतात. शुक्रवारी लंच ब्रेकला मी मेट्रो स्टेशनच्या जिन्यापाशी जाऊन उभी राहते. बायका चढत असतात, हातात घड्याळं, बॅगांचे पट्टे, कॉफीचे पेले. मी एकीचा हात बघते आणि मनात म्हणते, अडीच.

बहुतेक चुकीचं असणार. मी थोडा वेळ थांबते आणि परत जाते.