आमच्या साडूंच्या घरात काहीच बंद पडत नाही

आमचे थोरले साडू हयात आहेत तोवर मराठवाड्यातल्या कुठल्याही घरगुती वस्तूला सुखानं मरता येणार नाही. वस्तू अहमदपूरच्या बाजारात पोत्याखाली दडलेली असो, जळकोटला कुणाच्या गोठ्यात वैरणीमागं पडलेली असो, की लातूरच्या एखाद्या बंद हॉटेलात उलटी ठेवलेली असो, साडूभाऊंना तिचा वास लागतो. ते जातात, तिला उठवून बसवतात, फडक्यानं तोंड पुसतात आणि नांदेडला आपल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर घेऊन येतात. रेल्वेतून रिटायर झाल्यावर त्यांनी हा फ्लॅट घेतला. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे, पण त्या घरात गेलो की मला पोरगेलं वाटतं. तिथं माझ्याहून वयानं लहान म्हणावं असं फारसं काही नाही. असलाच तर तो फ्लॅटच.

त्यांचा फ्रीज गोल खांद्यांचा आहे आणि त्याचं दार ट्रकच्या दारासारखं खटक्यानं उघडतं. तो थंड करतो, पण काय थंड करायचं ते स्वतः ठरवतो. पाणी कोमट ठेवून मिरच्या खिळ्यासारख्या गोठवतो. टीव्हीला लाकडी शटर आहे. त्याला त्यांनी कुठल्याशा खटपटीनं केबलचा नवीन डबा जोडलाय, पण चित्र काळं-पांढरंच दिसतं. क्रिकेटच्या दिवशी दोन्ही संघ एकाच रंगाचे. कोण बॅटिंग करतंय विचारलं, तर साडूभाऊ म्हणतात, “गप बसा. कुणी का मारंना, चौका तर गेला!”

पण त्यांचा सगळ्यात लाडका तो पाणी तापवायचा तांब्याचा बंब. तो अहमदपूरहून आणताना त्यांनी एसटीत त्याला खिडकीजवळ बसवलं. कंडक्टर त्याचं तिकीट मागू लागला. साडूभाऊ म्हणाले, “पंच्याहत्तरच्या पुढच्यांना प्रवास फुकट हाय का न्हाई?” कंडक्टर म्हणाला, “हाय की.” “मग? ह्यो माझ्या आज्याच्या वारगीचा हाय.” कंडक्टरनं शांतपणे विचारलं, “आधार कार्ड?” तिकीट काढावं लागलं. पहिल्या दिवशी त्यांनी बाल्कनीत नारळाच्या शेंड्या घालून बंब पेटवला, तेव्हा आग लागली समजून शेजारीपाजारी बादल्या घेऊन धावत आले. साडूभाऊंनी दार उघडलं, सगळ्यांकडं प्रेमानं पाहिलं आणि म्हणाले, “बादल्या आणल्याच हायेत, तर ऊन पाणी घेऊन जा.” दोघं-तिघं घेऊनही गेले.

मला या माणसापुढं कायम अपराधी वाटतं. मी लातूरला राहतो आणि माझ्या घरात सगळं नवीन आहे. साडूभाऊ येणार म्हटलं की मी वॉशिंग मशीनवर चादर टाकतो. एकदा ते अचानक आले, मी घाईनं चादर टाकली, पण मशीन आतून चालूच होतं. कपडे धुऊन झाल्यावर त्यानं गाणं वाजवलं. साडूभाऊंनी कान टवकारले. “काय वाजून राहिलं?” मी म्हणालो, “फोन.” ते म्हणाले, “तुम्ही फोन मोरीत ठेवता?” मी मान डोलावली आणि चार दिवस जेवण गोड लागलं नाही. शेवटी मी फोन करून कबूल करून टाकलं. ते म्हणाले, “मला ठाव हाय. चादरीखाली थरथरत होतं बिचारं.”

या सगळ्यात खरी होरपळ अक्कांची, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीची. यंदा धोंड्याचा महिना आला. पोरीचं लग्न नुकतंच झालेलं, जावयाला पहिलं धोंड्याचं जेवण घालायचं होतं, वर विहीणबाईही येणार होत्या. अक्कांनी माझ्यासमोरच साडूभाऊंना सांगितलं, “त्या दिवशी ह्यातलं एक जरी डबडं अडलं, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला वर बोलावते. समद्यासाठी.”

“बंबसुद्धा?”

“आधी बंब.”

“आन् न्हाई अडलं तर?”

“तर जलमभर तुमच्या सामानाला नाव ठेवणार न्हाई. भाऊजी पंच. त्यांना खोटं पचत न्हाई.”

साडूभाऊंनी हो म्हटलं, पण त्यांचा चेहरा उतरला. जेवणाच्या आदल्या दिवशी मी पोचलो तेव्हा ते फ्रीजच्या पाठीवरून हात फिरवत पुटपुटत होते, “उद्याच्या दिवस सांभाळ रे बाबा.”

आणि खरंच, सगळ्यांनी सांभाळलं. बंबानं धूर आवरला. फ्रीजनं आमरस गार केला, मिरच्यांना हात लावला नाही. नांदेडचं ऊन भाजून काढत होतं, म्हणून साडूभाऊंनी पितळी पात्यांचा एक टेबल फॅन पुढच्या खोलीत मांडला आणि खटका तीनवर केला. पंखा असा सुटला की विहीणबाई पदर सावरत म्हणाल्या, “बाई, काय वारं हाय!” साडूभाऊ फुलून गेले. जावई पाटावर बसले. अक्का निरांजन घेऊन ओवाळायला पुढं आल्या, आणि माझ्या कानाशी फिरणारा तो पंखा हळू होत होत थांबला. मागून जळकट वास आला.

साडूभाऊंकडं बघवेना. ते हातात अनारशांचं ताट धरून उभे होते आणि एवढा मोठा माणूस एकाएकी ताटाएवढा दिसायला लागला. पंच म्हणून मी तोंड उघडणार, एवढ्यात अक्का म्हणाल्या, “बरं केलं भाऊजी, बंद केलात ते. मीच खूण केली त्यांना. निरांजन विझून राहिलं होतं.”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, “हो, हो. मीच बंद केला.” इतकं सफाईदार खोटं माझ्या तोंडून कधीच निघालं नव्हतं.

विहीणबाईंनी नाक वर केलं. “काहीतरी करपल्यावानी वास येऊन राहिला, न्हाई का?”

अक्कांच्या अनारशावर आमच्या दोन्ही घराण्यांत आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. जाळी अशी पडते की लोक बघायला येतात. त्या अक्का विहिणीपुढं मान खाली घालून म्हणाल्या, “माझाच एक अनारसा लागला कढईत. ध्यान न्हाई राहिलं.” विहीणबाई “होतं, होतं” म्हणाल्या, पण ज्या सुरात म्हणाल्या तो अक्कांना पुढं वर्षभर ऐकावा लागणार हे उघड होतं. मग आम्ही सगळे घामानं निथळत जेवलो. वारा का नाही, असं कुणी विचारलं नाही.

पाहुणे गेल्यावर साडूभाऊ पंख्याजवळ वाकले. खटका तीनवरच होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, स्वयंपाकघराकडं पाहिलं आणि आत जाऊन अक्कांच्या शेजारी भांडी विसळायला उभे राहिले.

अक्का शब्दाच्या पक्क्या. तेव्हापासून त्या सामानाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. फ्रीजनं आता पुन्हा मिरच्या गोठवायला घेतल्यात. साडूभाऊ त्या मुद्दाम अक्कांसमोर ओट्यावर ठेवतात आणि त्या काहीतरी बोलतील म्हणून वाट बघत उभे राहतात. त्या मुकाट्यानं चिरायला घेतात. गेल्या आठवड्यात गेलो तर पंखा पुढच्या खोलीत तसाच होता, पितळ लखलखीत पुसलेलं. घरातल्या प्रत्येक वस्तूचं पोट उघडणाऱ्या या माणसानं त्याला हात लावला नव्हता. मी भीत भीत विचारलं, “साडूभाऊ, हा दुरुस्त नाही केला?”

“दुरुस्त? त्याला काय झालंय?” ते जरा हळू आवाजात म्हणाले, “चालतो की तो. तुमच्या अक्कानं बंद करायला लावलाय. ती म्हणेल तवा लावू.”