सुधाची इमोडी

मनोहरकाका आज पहाटे गेले, आणि मी सकाळपासून एका फुलाच्या भानगडीत अडकले आहे.

रडायला हवं होतं. रडलेही थोडी. पण काकूंनी फोनवर जे सांगितलं, त्यानंतर डोकं चालेनासं झालंय.

नीट सांगते.

एटीजच्या सुरुवातीला मी न्यू जर्सीत ग्रॅड स्टुडंट होते. वेस्ट विंडसरचे मनोहरकाका आणि सुधाकाकू माझे नात्याने कोणी नव्हेत. पहिल्या थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलावलं, आणि मग माझे सगळे विकेंड त्यांच्याकडेच जायला लागले.

काका पेशाने केमिस्ट. वेड मात्र पिओनीच्या फुलांचं.

त्यातही नर्सरीतल्या गुबगुबीत डबल पिओनी त्यांना चालायच्या नाहीत. रानात मुळात जशी उगवते, तशी अस्सल जातीची हवी. असलं बी दुकानात मिळायचं नाही, हौशी लोक एकमेकांना पोस्टाने पाठवायचे. बॅकयार्डभर लेबलं. मी म्हणायचे, काका, तुमच्याकडे झाडांपेक्षा पाट्या जास्त उगवतात.

एकदा काकू भांडी घासता घासता म्हणाल्या, "इथली फुलं सुंदर आहेत हो, पण एकही आपल्याकडचं नाही."

काकांनी ते मनावर घेतलं. हिमालयात उगवणाऱ्या पांढऱ्या पिओनीचं, इमोडीचं बी मागवलं.

मी म्हटलं, "काका, काकू मिरजेच्या. हिमालय त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिलाय."

"पासपोर्ट तोच ना!" काका म्हणाले.

पहिलं वर्ष मातीवर काही दिसलंच नाही. पिओनी आधी नुसतं मूळ धरते, पान दुसऱ्या वर्षी. काकूंना वाटलं बी वाया गेलं, आणि त्यांनी त्याच वाफ्यात मेथी पेरली!

मूळ हलेल म्हणून काकांनी ती उपटू दिली नाही. सगळी मेथी कात्रीने कापून घ्यायला लावली.

मग पान आलं. मग कित्येक वर्षं नुसती पानंच.

काका पानाच्या कडेवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "कड खरखरीत लागतेय गं. चायनीज पिओनीची अशी असते. बी मिक्स झालेलं असू शकतं."

"मग कळणार कसं?"

"फूल आलं की आत बघायचं. मधोमध बारकी बोंडं असतात, त्यांच्याच पुढे शेंगा होतात. इमोडीला बहुतेक एकच. चायनीजला तीन, चार, पाच."

हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की काकूंनाही पाठ झालं होतं. लेबलवर लिहिलेलं असायचं 'इमोडी', आणि पुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह.

माझी पीएचडी संपत आली, तेव्हा एकदाची कळी आली. एकच. काकांनी भिंग पुसून ठेवलं, कॅमेऱ्यात रोल भरला.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं चहा घेऊन बाहेर गेलो, तर नुसता देठ.

फूल देवघरात. गणपतीपुढे. वर हळदकुंकू.

"नव्या झाडाचं पहिलं फूल देवाला," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे असंच असतं."

मला वाटलं, आता भडका उडणार. काका भिंग घेऊन देवघराच्या दारात उभे राहिले. एरवी देवाला हात जोडणारे नव्हते. पण वाहिलेलं फूल उचलून उचकटणं काही त्यांना जमलं नाही.

"बरं," म्हणाले. "पुढच्या वर्षी."

दुसऱ्या दिवशी निर्माल्य कंपोस्टमध्ये गेलं.

पुढच्या मे महिन्यात बरीच फुलं आली. मी फोन केला. "काका, बघितलं का आत?"

"छान आलीत गं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी त्यांच्याकडे गेले तेव्हा लेबल नवं होतं. प्रश्नचिन्ह गायब. काका येईल त्याला दाखवायचे, "ही सुधाची इमोडी."

मी समजले, एकच बोंड निघालं असणार. विषय संपला.

आज काकू म्हणाल्या, "शुभा, त्या पहिल्या फुलात मी आधी बघितलं होतं गं. चार बोंडं होती."

"चार?" मी विचारलं.

"इतकी वर्षं थांबले होते हे. माझ्यासाठी. म्हणून खुडलं आणि देवापुढे ठेवलं. देव काही बोलत नाही. पुढच्या वर्षी मी जीव मुठीत धरून बसले, पण ह्यांनी वाकून बघितलंच नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही. ह्यांना कळलं होतं का गं? का मी ह्यांना जन्मभर फसवलं?"



मग आठवलं. दर फॉलला काका आपल्या पिओनींचं बी पाकिटांत भरून लोकांना पाठवायचे. पीएचडीनंतरही त्या दिवसांत गेले की पाकिटं चिकटवायला मीच बसायचे. त्यांत इमोडी कधीच नसायची. एकदा विचारलं, तर म्हणाले, "ती घरातली आहे. बाहेर द्यायची नाही."

चुकीच्या नावाने बी पाठवणारा माणूस नव्हे तो.

म्हणजे कळलं होतं?

की मुद्दामच बघितलं नाही, म्हणून खात्री नव्हती, आणि खात्री नव्हती म्हणून पाठवलं नाही?

दोन्ही पटतंय. कोणी कोणाला सांभाळून घेतलं, मला खरंच कळत नाही.

काकूंना पाकिटांचं सांगितलं. ते ऐकून त्या हसल्या की रडल्या, तेही मला फोनवर समजलं नाही.

"शनिवारी अंत्यविधीला येशील ना? उमललीय ती. ह्यांच्या हातात तेच फूल ठेवणार आहे."

"येते काकू."

"आणि हे बघ. आत डोकावू नकोस."

नाही डोकावत, काका. इमोडीच आहे ती.

सावकाश जा.